दादा, तेवढी सॅलरी स्लिप पाठव ना!

गावाकडच्या भावाला नवाकोरा ट्रक घ्यायचाय. डाउन पेमेंट त्याचं, हप्ता त्याचा, गाडी त्याची. आणि सही? सही तुमची!

गुरुवारची दुपार. क्लायंट कॉल कसाबसा संपत आलेला. मोबाइल थरथरला. फोटो होता. शोरूमच्या चकचकीत फरशीवर पांढरीशुभ्र आयशर, बॉनेटला लाल रिबन आणि पुढे कमरेवर हात ठेवून उभा असलेला माझा मावसभाऊ. पाठोपाठ मेसेज : 'कशी आहे?' मी अंगठा दाखवला. दोन मिनिटांनी दुसरा मेसेज : 'दादा, तेवढी तीन महिन्यांची सॅलरी स्लिप पाठव ना. आणि फॉर्म सोळा. बँकवाला म्हणतोय कोणी नोकरीवाला असला तर काम लगेच होतं.'

हे वाचणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांना असा फोन येऊन गेला असेल. उरलेल्यांना येईल. आपण शहरात एसीत बसून कीबोर्ड बडवतो, महिन्याच्या एक तारखेला पगार जमा होतो, आणि गावाकडच्या सगळ्या गोतावळ्यात 'पक्कं उत्पन्न' म्हणता येईल असं एकच माणूस असतं. म्हणजे आपण!

माझी मावशी सायखेड्याची. नाशिकहून संभाजीनगरच्या रस्त्याने निघालात की चांदोरी लागते. तिथून आत वळून गोदावरीवरचा पूल ओलांडला की सायखेडा. तालुका निफाड, म्हणजे कांदा, द्राक्षं, टोमॅटो, ऊस. गावात पिंपळगाव बसवंत बाजार समितीचा उपबाजार आहे. भावाचा धंदा साधा. आजूबाजूच्या शेतकऱ्यांचे टोमॅटो आणि भाजीपाला गोळा करायचा आणि रातोरात वाशीच्या मार्केटला पोचवायचा. भाडं क्रेटमागे. माल गोळा करायला घरची जुनी पिकअप आहे. वाशीला मात्र दरवेळी भाड्याची मोठी गाडी लागते आणि प्रत्येक खेपेला दहा हजार दुसऱ्याच्या खिशात जातात. 'तेच दहा हजार हप्त्यात घातले तर गाडी आपली!' हा त्याचा फंडा. ऐकायला एकदम सॉलिड. घरभाडं भरण्यापेक्षा होम लोन भरा, हे आपल्यालाही असंच कोणीतरी पटवलेलं असतं.

मी स्लिप पाठवली नाही. शनिवारी सकाळची बस पकडली.

सात टक्के की साडेबारा?

ओट्यावर बसून चहा होईपर्यंत शोरूमच्या सेल्समनने लिहून दिलेला कागद हातात आला. गाडी, बॉडी, रजिस्ट्रेशन, विमा धरून रस्त्यावर यायला २० लाख. घरचे ४ लाख. कर्ज १६ लाख, पाच वर्षं, हप्ता ३६ हजार. आणि कोपऱ्यात मोठ्या अक्षरात : व्याज फक्त ७ टक्के!

सात टक्क्यांत तर होम लोनसुद्धा मुश्किलीने मिळतं. मग ट्रकला कसं? तर हा 'फ्लॅट' रेट. म्हणजे १६ लाखांवर पाचही वर्षं पूर्ण सात टक्के लावायचे, तुम्ही मधे कितीही मुद्दल फेडलेलं असो. १६ लाखांवर वर्षाला १ लाख १२ हजार, पाच वर्षांचे ५ लाख ६० हजार. एकूण २१ लाख ६० हजार भागिले ६०. आले छत्तीस हजार. आपल्या होम लोनसारखा घटत्या शिलकीवर हिशेब केला तर हाच दर साडेबारा टक्क्यांच्या घरात जातो. यात फसवाफसवी काही नाही, हप्ता तोच राहतो. फक्त दुसरा कोणी १२ टक्के घटत्या दराने देत असेल तर सात टक्केवाला उगाच स्वस्त वाटतो.

यावर आता एक चांगला उपाय आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जाआधी कर्जदाराला 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' नावाचा कागद द्यावा लागतो. त्यात प्रोसेसिंग फी वगैरे धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. भावाने तो मागितलाच नव्हता. 'मागायचा असतो हे कोणाला माहीत?' हेही खरंच.

बाकी गाडी घ्यायला आताचा मोसम चांगला आहे, असं सेल्समनने सांगितलं होतं. ते मात्र थाप नव्हे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. पण नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचाही भाव उतरतो, हे काही शोरूमवाला सांगणार नाही.

वहीतलं सत्य

मी लॅपटॉप उघडला. भावाने वही उघडली. सांगायला हरकत नाही, वही जास्त कामाची निघाली.

वाशी जाऊन-येऊन चारशे किलोमीटरच्या आसपास. लिटरला आठचं ॲव्हरेज धरलं तर पन्नास लिटर डिझेल, साडेचार हजार. टोल, भत्ता, पार्किंग, किरकोळ मिळून अठराशे. म्हणजे दहा हजारांच्या भाड्यातून वाचणार ३,७०० रुपये. स्वतःची गाडी घेतल्याने खेपेमागे होणारी खरी बचत ही एवढीच. दहा हजार नाहीत.

आता दुसरी बाजू. हप्ता ३६ हजार. विमा, टॅक्स, पासिंगचे महिन्याला साडेपाच हजार बाजूला टाकायचे. टायर आणि देखभालीचे साडेसहा हजार. झाले ४८ हजार. भागिले ३,७००. तेरा!

महिन्याला तेरा खेपा वाशीला झाल्या, तर गाडी स्वतःचं पोट भरते. चौदाव्या खेपेपासून भावाचं. आणि यात ड्रायव्हरचा पगार शून्य धरलाय, कारण गाडी तोच चालवणार.

'तुझा पगार कुठाय यात?'

'आपण कुठं पगार घेतो, दादा?'

'आणि तू वाशीला गेलास तर इकडे पिकअपवर माल गोळा कोण करणार?'

तो काकांकडे बघायला लागला. काका पेपरात तोंड खुपसून बसले. त्यांचं वय अठ्ठावन्न आणि गुडघे त्याहून म्हातारे.

मग वहीतल्या मागच्या वर्षीच्या खेपा मोजल्या. जानेवारी ९, फेब्रुवारी १०, मार्च ११, एप्रिल ९, मे ६, जून ४, जुलै ३, ऑगस्ट ८, सप्टेंबर १३, ऑक्टोबर १६, नोव्हेंबर १०, डिसेंबर ५. एकूण १०४. पाहिजेत १५६. तेराचा आकडा गाठणारे महिने बारापैकी दोनच, टोमॅटोचे. आणि मे, जून, जुलै या तीन महिन्यांत मिळून खेपा किती? तेरा. म्हणजे एका महिन्याला लागतात तेवढ्या.

त्या तीन महिन्यांतच ९६ हजारांची खोट येते. भाव सप्टेंबर-ऑक्टोबर डोळ्यांपुढे ठेवून शोरूममध्ये गेला होता. साहजिक आहे. चिखलात उभ्या असलेल्या गाडीचं स्वप्न कोण बघतो? पण हप्ता काही टोमॅटोच्या हंगामाचं कॅलेंडर बघून येत नाही. तो पाच तारखेला येतो.

इथे आमच्या ऑफिसमधला एखादा सीए डोळे मिचकावून म्हणेल, हप्त्यातलं मुद्दल हा खर्च नव्हे, ती तर गुंतवणूक. पाच वर्षांनी गाडी तुमची होतेच की! अगदी बरोबर. पण त्यासाठी पाच वर्षं तग धरायला लागते. जुलैमध्ये खात्यात पैसे नसतील तर चेक बाउन्स होताना बँक विचारत नाही की यात मुद्दल किती होतं.

परतीचं भाडं मिळालं तर चित्रच बदलतं, हे मान्य. वाशीहून नाशिककडे येताना खेपेला अडीच हजारांचा जरी माल मिळाला, तरी तेराच्या जागी आठ खेपांत महिना सुटतो. म्हणजे १०४ खेपा पुरून उरल्या! मी विचारलं, कोण देणार? 'मिळतं की.' कोण? नावं घे. दोन नावं आली. त्यातल्या एकाने गेल्या वर्षी तीनदाच माल दिला होता. परतीचा माल हे या धंद्याचं खरं मर्म आहे, आणि नेमकं तेच शोरूमच्या कागदावर कुठेही नसतं. आधी तो माल बांधून घे, मग गाडी बघ, असं मी म्हटलं. काकांनी पेपर खाली केला.

गाडी उभी, हप्ता चालू

तुमचं आमचं एक बरं असतं. ऑफिस बंद पडलं तरी पगार होतो, निदान पहिला महिना. ट्रकचं तसं नाही. आणि नाशिक जिल्ह्यात ट्रक उभा राहायला कारणं भरपूर.

२०२३ चीच गोष्ट घ्या. ऑगस्टमध्ये केंद्राने कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं, लिलाव थांबले. सप्टेंबरच्या अखेरीस जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी पुन्हा जवळजवळ दोन आठवडे कांदा लिलाव बंद ठेवले. डिसेंबरच्या ८ तारखेपासून निर्यातच बंद, ती उघडली ४ मे २०२४ ला. मधेच जानेवारीच्या पहिल्या दोन दिवसांत हिट अँड रनच्या नव्या कलमावरून ड्रायव्हर लोकांनी चक्का जाम केला, मनमाडजवळच्या पानेवाडीतून इंधनाचे टँकर निघेनात. यात ज्यांच्या गाड्या कांद्यावर होत्या, त्यांचं काय झालं असेल?

'पण आपलं टोमॅटोचं आहे ना,' भाऊ म्हणाला. टोमॅटोचं तर आणखी गमतीदार. २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभरी पार करून बसला होता, त्यावर देशभर जोक फिरत होते. महिना-दोन महिन्यांत भाव असा आपटला की शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला. भाव वाढला तर फायदा मालवाल्याचा, गाडीवाल्याला भाडं तेवढंच. भाव पडला की माल शेतातच राहतो आणि गाडीवाल्याचं भाडंही जातं. मला वाटतं या धंद्यात सगळ्यात अन्यायाची गोष्ट कुठली असेल तर ही.

आणि गोदावरी. २०१६ आणि २०१९, दोन्ही ऑगस्टमध्ये पुराचं पाणी चांदोरी-सायखेड्यात शिरलं होतं. पूल पाण्याखाली गेला की गाव पलीकडे आणि रस्ता अलीकडे. इथे विम्याचा एक मुद्दा लिहून ठेवा. पुराचं नुकसान फक्त फुल विम्यात मिळतं, नुसत्या थर्ड पार्टीत नाही. कर्ज चालू असेतो बँक फुल विमा करायला लावते. कर्ज फिटलं की लोक पैसे वाचवायला थर्ड पार्टीवर येतात. नदीकाठच्या गावात हे करणाऱ्याला मी शूर म्हणेन, हुशार म्हणणार नाही.

कोविडमध्ये रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली होती, हे खरं. पण हप्ता थांबला तरी व्याज थांबलं नव्हतं. आणि अशी मुभा काही दर पावसाळ्यात मिळत नाही.

सहीचा अर्थ

आता आपल्याबद्दल. सॅलरी स्लिप दोन कामांना लागते. एक, जामीनदार म्हणून. दोन, सहकर्जदार म्हणून. सहकर्जदार झालात तर ते कर्ज पहिल्या दिवसापासून तुमचंच. तुमच्या क्रेडिट रिपोर्टवर ३६ हजारांचा हप्ता दिसायला लागतो. दोन वर्षांनी तुम्ही वाकड किंवा बाणेरला टू बीएचके बघायला जाल, तेव्हा बँक तुमच्या पगारातून आधी तो हप्ता वजा करेल आणि मग तुमची लायकी ठरवेल. गाडी सायखेड्यात, अडलेलं घर पुण्यात!

जामीनदाराला वाटतं आपला नंबर शेवटी लागेल. असं काही नाही. करारात वेगळं ठरलं नसेल तर भारतीय करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. हप्ते थकले, गाडी ओढून नेली, विकली, तरी त्यातून न भागलेली रक्कम दोघांच्या डोक्यावर राहते. आणि दुसरं नुकसान कुठल्याही करारात लिहिलेलं नसतं : दिवाळीला मावशीच्या घरी जाणं बंद होतं.

मग नाहीच म्हणायचं का? मला तसं जमलं नसतं. माझ्या बारावीनंतर कॉलेजची पहिली फी काकांनी कांदे विकून भरली होती. असले हिशेब एक्सेलमध्ये बसत नाहीत, पण ते नाहीत असं दाखवणंही बरं नव्हे.

त्यात आणखी एक गोष्ट होती, ती मावशीने स्वयंपाकघरात हळूच सांगितली. भाऊ एकतीसचा. तीन स्थळं फिरली. शेतीवाला मुलगा नको म्हणतात. 'दारात नवी गाडी असली म्हणजे सांगायला बरं पडतं रे. स्वतःचा ट्रान्सपोर्टचा बिझनेस आहे म्हणून.' तेव्हा मला कळलं की शोरूममधल्या त्या लाल रिबनवाल्या फोटोत नक्की काय होतं. यावर माझ्याकडे कुठलाही फॉर्म्युला नाही. मी एवढंच म्हटलं, सोयरीक जमायच्या आधीच गाडी ओढून नेली तर? मावशीने भाकरी जरा जोरात थापली.

मग ठरलं काय?

रात्री जेवणं झाल्यावर पुन्हा बसलो. या वेळी काकाही.

काका म्हणाले, जुनी बघा. जुन्या ट्रकवर कर्ज देणं हा देशात मोठा धंदा आहे, १९७९ मध्ये सुरू झालेली श्रीराम ट्रान्सपोर्ट त्यावरच मोठी झाली. जुन्या गाडीला व्याज जास्त, मुदत कमी. समजा गाडी ९ लाखांना, घरचे ४, कर्ज ५ लाख, तीन वर्षं, घटत्या शिलकीवर १५ टक्के. हप्ता साधारण १७,३००. देखभाल जास्त धरू, १० हजार. विमा-पासिंग ५ हजार. झाले ३२,३००. म्हणजे महिन्याला नऊ खेपा, वर्षाला १०८. वहीत होत्या १०४.

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. व्याजाचा दर वाढला आणि तरी गणित जमायला आलं! कारण दर १५ असला तरी रक्कम एक तृतीयांशही नाही. आपण ईएमआयवाली पिढी नेमकी इथेच फसतो. टक्का बघतो, डोंगर बघत नाही.

जुनीतही गोम असतेच. गाडी एप्रिल २०२० च्या आधीची असेल तर बीएस-फोर, म्हणजे इंजिनाचं काम फाट्यावरचा मिस्त्रीही करतो. नंतरची बीएस-सिक्स, तिचे सेन्सर आणि युरियाच्या टाकीचे नखरे वेगळे. आठ वर्षं झाली की पासिंग दरवर्षी. आरसी बुकावर आधीच्या फायनान्सचं नाव असेल तर त्यांची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा द्यायचं नाही. थकलेले ई-चलान ऑनलाइन बघून घ्यायचे. आणि गाडी बघायला जाताना शोरूमवाल्याचा नव्हे, आपला मिस्त्री न्यायचा. लायसन्सचा प्रश्न सुटलेला होता. एकूण वजन साडेसात टनांपर्यंत असलेली मालगाडी साध्या एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते, यावर सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिक्कामोर्तब केलंय. भावाला हवी ती गाडी त्याच वजनातली.

पाच लाखांचं कर्ज म्हटल्यावर दारंही जास्त उघडतात. मुद्रा योजनेत एवढी रक्कम तारणाशिवाय मिळू शकते. अण्णासाहेब पाटील महामंडळाची व्याज परतावा योजना आहे. तिथे हप्ता आधी आपण भरायचा, व्याज नंतर खात्यात परत येतं. म्हणजे तेवढे महिने खिशातून घालायची तयारी हवीच. भावाने सोमवारी बँकेत जाऊन दोन्हीची चौकशी करायची ठरली.

माझ्या सहीचंही ठरलं. सहकर्जदार नाही. लागलंच तर जामीनदार, पाच लाखांपुरता, करार मी स्वतः वाचल्यावर. आणि कर्ज घ्यायच्या आधी जून-जुलैचे हप्ते वेगळ्या खात्यात. ते खातं मावशीच्या नावावर, कारण त्या घरात पैसे कोणाकडे टिकतात हे सगळ्यांना माहीत आहे.

भाऊ थोडा हिरमुसला होता. नवी ती नवी. झोपायच्या आधी त्याने मोबाइलमधला तो पांढऱ्या आयशरचा फोटो पुन्हा एकदा उघडून बघितला. डिलीट मात्र केला नाही.

मंगळवारी ऑफिसात पुन्हा मोबाइल थरथरला. या वेळी फोटो पिंपळगावच्या एका गॅरेजमधला. २०१९ ची गाडी, हौद्याची एक फळी तुटकी, पुढचे दोन टायर नवे. शेजारी मिस्त्री जमिनीवर आडवा. खाली मेसेज : 'आठ पन्नासला देतोय. एनओसी आहे म्हणतो, दाखवली नाही अजून. वाशीत एकजण परतीला खताच्या गोण्या देतो म्हणालाय, महिन्याला चार खेपा, त्याचा नंबर पाठवतो, तू पण एकदा बोलून बघ. आणि दादा, सॅलरी स्लिप आत्ता नको पाठवू.'